हीथ्रोवर अडलेलं तेल

११ जून २०१८, सोमवार. टोरोंटोहून आलेल्या विमानातून शार्लट कॉल्डवेल आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा बिली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरले. सामानात सहा महिने पुरेल एवढं गांजाचं तेल होतं, पण त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. तेल घेऊन येणार, हे बाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. कस्टम्सच्या माणसांना त्यांनी ते स्वतःहून दाखवलं आणि कस्टम्सनं ते ताब्यात घेतलं. त्याच दिवशी गृहखात्याचे राज्यमंत्री निक हर्ड त्यांना भेटले. भेट सौजन्याची होती म्हणतात. तेल मात्र परत मिळालं नाही.

१९३० साली शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं ते दिवसाढवळ्या, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. या बाईंनी केलं ते त्याच जातीचं होतं. फरक एवढाच, की इथे मीठ नव्हतं, मुलाचं रोजचं औषध होतं, आणि ते अडल्याचा हिशोब मुलाच्या मेंदूत चुकता होणार होता.

मी डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला ‘फार्मसी लॉ अँड एथिक्स’ शिकवतो. मुलांना हा पेपर म्हणजे कलमांची पाठांतरस्पर्धा वाटते, आणि त्यात त्यांची फारशी चूक नाही. म्हणून दर वर्षी दोन तास मी हे एकच प्रकरण फळ्यावर मांडतो. गांजा औषध आहे की व्यसन, या वादासाठी नाही. कायद्यानं परवानगी दिली तरी औषध रोग्याच्या हातात का पडत नाही, हे इतकं उघडं दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

आधीचं थोडं

बिली उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या कॅसलडर्ग गावचा. लहानपणापासून अपस्माराचा रुग्ण, आणि तोही औषधांना दाद न देणारा. एका दिवसात शंभरापर्यंत आकड्या येत, असं आई सांगत आली. हा आकडा कागदावर वाचताना कळत नाही. आकडी आलेलं मूल ज्यानं हातात धरलंय त्याला विचारा. दात घट्ट मिटलेले, डोळे वर गेलेले, आणि आपण भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत बसलेलो. कारण पाच मिनिटं उलटली तर दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी बजावलेलं असतं.

नेहमीची औषधं चालेनात, तेव्हा आई मुलाला अमेरिकेत घेऊन गेली आणि तिथे गांजाच्या तेलाचा उपचार सुरू झाला. परत आल्यावर २०१७ मध्ये गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या चिठ्ठीवर ते तेल लिहून दिलं. देशातली ही तशी पहिली चिठ्ठी, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. वर्षभर गाडं चाललं. मे २०१८ मध्ये गृहखात्यानं त्या डॉक्टरांना समज दिली: पुन्हा लिहाल तर कारवाई होईल. डॉक्टर थांबले. तेल संपत आलं. आईनं कॅनडा गाठलं. तिथे हे तेल डॉक्टरांच्या सल्ल्यानं कायदेशीर मिळतं. हीथ्रोवर अडलं ते हेच.

‘गांजाचं तेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिलीम येते, म्हणून थोडं औषधशास्त्र सांगावं लागेल. गांजाच्या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड सापडतात, पण आपल्या कामाचे दोन: सीबीडी आणि टीएचसी. सीबीडीनं नशा होत नाही, टीएचसीनं होते. अपस्माराच्या मुलांना देतात त्या तेलांत बहुतांश सीबीडी असतं, टीएचसी असलंच तर थोडं. देण्याची रीत लहान बाळाला पॅरासिटामॉल पाजतो तशीच. सुई नसलेल्या बारीक सिरिंजमध्ये काही थेंब ओढायचे, गालाच्या आतल्या बाजूला सोडायचे आणि मूल गिळेपर्यंत थांबायचं. धूर नाही, चिलीम नाही.

सोमवार ते शनिवार

तेल जप्त झालं त्या रात्रीच बिलीला आकडी आली. आईच्या सांगण्याप्रमाणे अडीचशेहून जास्त दिवसांनी आलेली ती पहिली आकडी. मग येतच राहिल्या. शुक्रवारी, १५ जूनला त्याला चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर रुग्णालयात दाखल केलं.

इथे एक बाब नीट पाहू. आकडीवरचं कोणतंही औषध एकदम तोडलं की आकड्या उसळून येऊ शकतात. व्हॅलप्रोएट असो, क्लोबाझाम असो, औषधाच्या दुकानात पहिल्या महिन्यात शिकलेला पोऱ्याही गिऱ्हाईकाला बजावतो की ही गोळी एकाएकी बंद करू नका. कस्टम्सच्या टेबलावर नेमकं तेच घडलं. तेलानं आकड्या थांबल्या होत्या की नव्हत्या, यावर वाद घाला हवा तर. पण चालू असलेला उपचार एका क्षणात तोडण्यात धोका होता, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

शनिवारी, १६ जूनला सकाळी गृहमंत्री साजिद जाविद यांनी आपला खास अधिकार वापरला आणि वीस दिवसांचा तातडीचा परवाना दिला. जप्त केलेलं तेल रुग्णालयात आलं, बिलीला दिलं गेलं, आणि सोमवारी तो रुग्णालयातून बाहेर पडला.

सोमवारी ज्या सरकारनं तेल काढून घेतलं त्याच सरकारनं शनिवारी ते परत दिलं. मधल्या पाच दिवसांत तेलाच्या रसायनात काडीचा फरक पडला नव्हता. एका मुलाच्या आकडीसाठी देशाच्या गृहमंत्र्यानं सही करायची. आरोग्यमंत्र्यानं नव्हे, गृहमंत्र्यानं. वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो, असं का? मागच्या बाकावरून बहुतेक वेळा उत्तर येतं, “सर, ड्रग्ज पोलिसांकडे असतात ना.” उत्तर चुकीचं नाही.

वर्ग वेगळा, अनुसूची वेगळी

ब्रिटनमध्ये अमली पदार्थांना दोन वेगळ्या मोजपट्ट्या लावतात, आणि सगळं प्रकरण या दोहोंच्या फटीत अडकलेलं आहे.

पहिली मोजपट्टी १९७१ च्या ‘मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्ट’ची: अ, ब, क असे वर्ग. पदार्थ किती घातक, त्यावर शिक्षा किती, हे त्यावरून ठरतं. गांजा ब वर्गात. जवळ बाळगला तर पाच वर्षांपर्यंत, पुरवला तर चौदा वर्षांपर्यंत कैद.

दुसरी मोजपट्टी २००१ च्या नियमांतल्या अनुसूचींची. ती डॉक्टर आणि औषधवाल्यांसाठी. पदार्थाला औषध म्हणून काही मोल आहे का, कोण लिहून देऊ शकतो, कपाट कसलं, नोंदवही कसली, हे तिथे ठरतं. पहिल्या अनुसूचीत औषधी उपयोग नाही असं धरलेले पदार्थ. ते डॉक्टरला लिहूनच देता येत नाहीत, संशोधनालासुद्धा गृहखात्याचा परवाना लागतो. गांजा तिथे होता.

आता हेरॉइन बघा. शिक्षेच्या मोजपट्टीवर ते अ वर्गात, म्हणजे गांजाच्या वर. पण औषधाच्या मोजपट्टीवर दुसऱ्या अनुसूचीत. डायमॉर्फीन या नावानं ब्रिटिश रुग्णालयांत ते रीतसर वापरतात. वॉर्डातल्या कुलूपबंद कपाटातून अँप्यूल काढायचं, दोघांनी मिळून नोंदवहीत लिहायचं, सह्या करायच्या आणि कर्करोगाच्या वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला टोचायचं. कोणी मंत्र्याला फोन लावत नाही.

म्हणजे जास्त घातक ठरवलेलं हेरॉइन वॉर्डातल्या कपाटात आणि त्याहून कमी घातक ठरवलेला गांजा गृहमंत्र्यांच्या टेबलावर. कारण एवढंच, की एकाला औषध म्हणून मान्यता होती आणि दुसऱ्याची ती काढून घेतली होती. ‘काढून घेतली’ असं म्हणतोय, कारण १९७३ पर्यंत ब्रिटिश डॉक्टर गांजाचा अर्क लिहून देऊ शकत होते.

यातला सगळ्यात टोचणारा भाग वेगळाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या आकड्यांनुसार २०१६ मध्ये ब्रिटननं ९५ टन कायदेशीर गांजा पिकवला, म्हणजे त्या वर्षीच्या जगाच्या कायदेशीर उत्पादनाच्या जवळपास ४५ टक्के. जी. डब्ल्यू. फार्मास्युटिकल्स ही ब्रिटिश कंपनी त्यापासून औषधं बनवत होती. नॉरफोकमधल्या विसिंग्टन इथे साखर कारखान्याच्या भल्यामोठ्या काचघरात पूर्वी टोमॅटो व्हायचे. तिथेही या कंपनीसाठी गांजा लावला होता. तिचं सॅटिव्हेक्स २०१० पासून ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी मान्य होतं. आणि बिलीच्या प्रकरणानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा, २५ जून २०१८ ला, याच कंपनीच्या एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मान्यता दिली. कशासाठी? मुलांमधल्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

दुसरं घर

वर्तमानपत्रांत बिली गाजला, पण वाट आधीपासून दुसरंही एक कुटुंब तुडवत होतं. वॉरिकशरमधल्या केनिलवर्थचा आल्फी डिंगली, वय सहा, पीसीडीएच१९ या जनुकातल्या दोषामुळे होणारा दुर्मीळ अपस्मार. त्याची आई हॅना डीकन सगळं घर उचलून २०१७ मध्ये काही महिने नेदरलँड्सला जाऊन राहिली. तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गांजाचं तेल सुरू झालं, आकड्या उतरल्या. पैसे संपले तसे ते परत आले. गृहखात्यानं आधी नकार दिला. मग लाखोंच्या सह्यांचं निवेदन, आणि मार्च २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांची भेट. मदतीचं आश्वासन मिळालं. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला, परवाना नाही. तो मिळाला १९ जूनला, बिलीला परवाना मिळाल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

डीकनबाई अर्ज करत राहिल्या, नियमानं चालत राहिल्या. कॉल्डवेलबाईंनी नियम उघडपणे मोडला. काम कशानं झालं, हे वर्गातल्या मुलांना सांगायला मला अवघड जातं, कारण मी त्यांना नियम पाळायला शिकवतो.

एकशे त्रेचाळीस दिवस

१९ जूनलाच जाविद यांनी फेरविचार जाहीर केला. पहिला टप्पा मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम सॅली डेव्हिस यांचा: औषधी उपयोगाला पुरावा आहे का? त्यांचं उत्तर, काही आजारांपुरता हो, आणि म्हणून गांजाजन्य औषधं पहिल्या अनुसूचीत ठेवता येणार नाहीत. दुसरा टप्पा अमली पदार्थांवरच्या सल्लागार परिषदेचा. तिनंही जुलैत अनुकूल मत दिलं. १ नोव्हेंबर २०१८ पासून औषधी वापराची गांजाजन्य उत्पादनं दुसऱ्या अनुसूचीत आली. हीथ्रोच्या त्या सोमवारपासून मोजले तर १४३ दिवस. सरकारी यंत्रणेच्या मानानं हा वेग बघून थक्क व्हावं.

अटी होत्या. धूर ओढायला मनाई. सुरुवात फक्त तज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव असलेल्या विशेषज्ञानंच करायची. म्हणजे कॅसलडर्गच्या फॅमिली डॉक्टरांनी २०१७ मध्ये जी चिठ्ठी लिहिली, ती नव्या, उदार कायद्यातही त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर लिहिता आली नसती.

त्या दिवशी अनेक घरांत केक कापले गेले असणार. खरी गोष्ट मात्र इथून पुढे सुरू होते.

दार उघडलं, आत कोणी नाही

पुढची काही वर्षं एनएचएसवर परवाना नसलेलं गांजाचं तेल मिळालेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. आल्फी त्यांतला एक. कायदा बदलला, मग अडलं कुठे?

पहिलं अडलं लिहिणाऱ्या हातात. ही तेलं परवाना नसलेल्या औषधांत मोडतात. बंदी नाही, पण कोणत्याही नियामकानं तपासून शिक्का मारलेला नाही. असं औषध लिहिलं की बरंवाईट सगळं डॉक्टरच्या डोक्यावर. त्यात मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या ब्रिटिश संघटनेनं मार्गदर्शन काढलं: आधी मान्य औषधं, कीटोजेनिक म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट असलेला आहार, शस्त्रक्रियेचा विचार, हे सगळं करून बघा, मग फार तर शुद्ध सीबीडी, टीएचसी असलेली तेलं नकोत. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २०१९ मध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं सांगितलं, की दुर्धर अपस्मारात अशा तेलांची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही. पुढच्या महिन्यात तिनं एपिडायोलेक्स मान्य केलं, पण फक्त ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, तेही क्लोबाझामच्या जोडीनं.

इथे डॉक्टरांना खलनायक करणं सोपं आहे, आणि बऱ्याच बातम्यांनी ते केलंही. मला ते पटत नाही. वाढत्या मेंदूवर टीएचसीचा लांब पल्ल्याचा परिणाम काय, ही काळजी पोकळ नाही. शुद्ध सीबीडीची गोष्ट वेगळी होती, कारण तिच्यामागे आकडे होते. ड्रॅव्हे सिंड्रोमच्या १२० मुलामुलींवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. तुलनेसाठी ज्यांना नकली, म्हणजे सीबीडी नसलेलं औषध दिलं, त्यांचा १४.९ वरून १४.१ वर. सोबत गुंगी, जुलाब, यकृताच्या एन्झाइममध्ये वाढ हेही नोंदलेलं. शिवाय सीबीडीमुळे रक्तात क्लोबाझामचं एक क्रियाशील रूप वाढतं, म्हणून डोस जपून बसवावा लागतो. डॉक्टरला हवी असते ती अशी माहिती. आल्फीच्या किंवा बिलीच्या तेलामागे अशी चाचणी नव्हती, आईची डायरी होती. आईची डायरी खोटी नसते, पण शंभर आयांच्या शंभर डायऱ्यांत तेल वेगळं, प्रमाण वेगळं, आजारही वेगळा.

चाचणी का नव्हती? कारण ४५ वर्षं गांजा पहिल्या अनुसूचीत होता आणि त्यावर संशोधन करायचं तर परवान्यांचा डोंगर चढावा लागे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असा तो पेच. पुरावा नाही म्हणून परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून पुरावा नाही. १ नोव्हेंबरला परवानगी दिली, पण मधल्या ४५ वर्षांत जमा न झालेला पुरावा राजपत्रातल्या एका ओळीनं कसा जमा होणार?

दुसरं अडलं खिशात. एनएचएस नाही तर खासगी. खासगी विशेषज्ञ लिहू लागले, दवाखाने निघाले, आणि पुढे प्रौढांच्या जुनाट दुखण्यासाठी, झोपेसाठी, चिंतेसाठी खासगी चिठ्ठ्या हजारोंनी निघू लागल्या. अपस्माराच्या मुलांच्या घरी मात्र महिन्याचं बिल हजार ते दोन हजार पौंड. आपल्या पैशात महिना लाखाच्या घरात किंवा त्याहून वर. कोणी घर गहाण टाकलं, कोणी मोहल्ल्यात वर्गणी काढावी तशी इंटरनेटवर मदत मागितली. उपचार मोफत असण्याचा ज्या देशाला अभिमान, तिथे हे चाललं होतं.

तिसरं अडलं पुन्हा विमानतळावरच. एप्रिल २०१९, कायदा बदलून पाच महिने झालेले. एक कुटुंब नेदरलँड्समध्ये तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मुलीसाठी साडेचार हजार पौंडांहून जास्त किमतीचं तेल घेऊन साउथएंड विमानतळावर उतरलं. तेल जप्त. का, तर आयातीचा परवाना नाही. औषध कायदेशीर झालं होतं, पण प्रवाशाच्या बॅगेतून येणारं औषध नाही. आयात परवानाधारक घाऊक विक्रेत्यानंच करायची, तीही ठरावीक रुग्णाच्या नावानं आलेल्या चिठ्ठीवर. त्यामुळे तेल पोहोचायला आठवडे लागत. घाऊक विक्रेत्यांना जास्त माल आणून साठा ठेवण्याची सूट मार्च २०२० मध्ये मिळाली.

आणि चौथं कोणाच्याच ध्यानात नव्हतं: ब्रेक्झिट. आल्फीचं तेल हेगमधलं एक औषधाचं दुकान ब्रिटिश चिठ्ठीवर बनवून द्यायचं. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटिश डॉक्टरची चिठ्ठी युरोपीय संघात चालेना. हे कुटुंबांना कळलं ते ऐन डिसेंबरात, म्हणजे घरातल्या बाटल्यांचा हिशोब लावायलाही वेळ नाही. शेवटी डच सरकारनं सवलत दिली, मग ती वाढवली. मासे, मालमोटारी, कस्टम्सचे फॉर्म, सगळ्यांवर वाटाघाटी झाल्या होत्या. चिठ्ठीची आठवण राहिली नव्हती.

कलकत्त्याचं बाळ

या प्रकरणाचं एक टोक आपल्याकडे आहे, आणि तेही थेट बाळाच्या आकडीपर्यंत येतं. आयरिश डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनेसी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात होता. इथले वैद्य-हकीम गांजा कशाकशाला वापरतात हे त्यानं विचारून घेतलं, प्राण्यांवर करून पाहिलं, मग धनुर्वात, पटकी, संधिवात अशा रोग्यांना अर्क दिला. १८३९ च्या त्याच्या लेखात चाळीस दिवसांच्या एका बाळाची हकिकत आहे. आकड्या थांबत नव्हत्या, बाकी सगळे उपाय थकले होते. त्यानं गांजाच्या अर्काचे थेंब दिले, मात्रा वाढवत नेली, आणि मूल वाचलं. आकडीवर अत्यंत मोलाचं औषध वैद्यकाला मिळालं, असा निर्वाळा त्यानं दिला. त्याच्यामुळेच गांजा इंग्लंडच्या औषधपेढ्यांत पोहोचला. आयर्लंडच्या माणसानं भारतातून नेलेलं औषध पावणेदोनशे वर्षांनी आयर्लंडच्याच एका मुलाच्या बॅगेतून जप्त झालं.

एका बाळावरून औषध सिद्ध होत नाही, हे ओशॉनेसीलाही लागू आणि आजच्या बातम्यांनाही.

आपल्या कायद्याचंही इथेच बोलून टाकू, कारण तास संपता संपता मुलं ते विचारतातच. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. नुसती पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून केंद्राच्या कायद्यातून ती निसटली आणि राज्यांकडे आली. आपल्या महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानं तिलाही परवाना लागतो. आयुर्वेदात तीच विजया. पानांपासून केलेली विजयायुक्त औषधं आयुष परवान्यानं बनतात, वैद्य लिहून देतात, आणि औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्यानं लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. पण लंडनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबानं मुलाचं फुलांच्या अर्काचं, टीएचसीयुक्त तेल सुट्टीला पुण्यात आणायचं ठरवलं, तर ब्रिटिश चिठ्ठी इथे ढाल होईल असं समजू नये. फुलाचा आणि पानाचा हा फरक तेलाच्या बाटलीकडे बघून कळत नाही, आणि विमानतळावर बाटली बघणाऱ्याला तो कळावा अशी अपेक्षाही नको.

परवानगी आणि उपलब्धता यांतली दरी आपण मॉर्फीनच्या बाबतीत भोगली आहे. एनडीपीएसनं मॉर्फीनचा औषधी वापर कधीच बंद केला नव्हता. पण राज्याराज्यांत चार-चार, पाच-पाच परवाने, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक मुदत संपली की साखळी तुटली. शिक्षा कडक, म्हणून औषधवाल्यांनी माल ठेवणंच सोडलं. कायदा आल्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. ज्या देशात अफू पिकते तिथे कर्करोगाचे रोगी विव्हळत गेले. २०१४ च्या दुरुस्तीनं सगळ्या राज्यांसाठी एकच पद्धत आणि एकच परवाना आणला. तरीही तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फीनची गोळी मागून बघा. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीनं ती लिहिलेलीच नाही, हात वळत नाही. ब्रिटनच्या मेंदूविकारतज्ज्ञांचा आखडलेला हात मला परका वाटत नाही तो यामुळे.

आता

२०२४ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सरकारी पैशानं चाचण्या जाहीर झाल्या. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकारानं, दुर्धर अपस्माराची मोठी माणसं आणि मुलं. काहींना सीबीडी, काहींना सीबीडी आणि टीएचसी, काहींना नकली औषध. कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत ना डॉक्टरला ठाऊक ना आईबापांना. ‘नाइस’नं मागितलेला पुरावा असाच उभा राहतो, दुसरी वाट नाही. परवानगी मिळाल्यावर हे नुसतं जाहीर व्हायला पाच वर्षांहून जास्त लागली.

यंदा हे सांगून संपवलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. म्हणाली, “सर, ज्या मुलांना तेल आधीच लागू पडलंय, त्यांना चाचणीत घेणार का?” घ्यायचं तर आधी तेल बंद करावं लागेल, मी म्हटलं, आणि मग वाट्याला नकली औषधही येऊ शकतं. ती क्षणभर गप्प राहिली. “म्हणजे पुन्हा हीथ्रोच की,” ती म्हणाली, आणि वही मिटली.